‘शाळेत वाद नकोत’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच. शाळा शिकायची जागा आहे, वाद घालायची नव्हे. पुस्तक तटस्थ असतं, शिक्षक नसतो; म्हणून त्यानं धडा शिकवावा आणि मतं घरी ठेवावीत. मुलं कोवळी असतात. प्रगत देशांत वर्गात राजकारणाचा ‘र’ काढत नाहीत. आणि शेवटी, मुलं आमची आहेत, काय शिकवायचं ते आम्ही ठरवू. हा मजकूर पुढे ढकलणारे बहुतेक जण मुलांच्या काळजीनंच तो ढकलतात. म्हणूनच त्याला नुसतं हसून सोडून देण्यात अर्थ नाही.

बाकी सगळं ज्यावर उभं आहे तो मुद्दा आधी घेऊ: ‘पुस्तक तटस्थ असतं.’

एकाच सोसायटीतली दहावीची दोन मुलं घ्या. राज्य मंडळाच्या मुलाच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’मधला पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. सीबीएसईच्या मुलाच्या एनसीईआरटी पुस्तकातही या नावाचा धडा होता. कोविडनंतर अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून त्यातली उत्क्रांती वगळली गेली आणि २०२३ मध्ये आलेल्या पुस्तकात ‘आनुवंशिकता’ एवढंच नाव उरलं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, हे खरं. पण दहावीनंतर कॉमर्सला गेलेल्या पोराची तिच्याशी गाठ पडायची नाही. आता या दोन पुस्तकांतलं तटस्थ कोणतं? आणि ‘फक्त पुस्तकातलंच’ हा नियम लावला तर सीबीएसईच्या वर्गात कुणी विचारलं, “सर, माणूस माकडापासून झाला का?” तर सरांनी म्हणायचं, “पोर्शनमध्ये नाही, बस खाली.”

दुसरं उदाहरण पुण्यापर्यंत येऊन पोचलं होतं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ सालचं एक व्यंगचित्र होतं. संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर हातात चाबूक घेऊन बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, चित्र काढून टाकण्याची घोषणा झाली, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली.

ते चित्र पाहून ज्यांना चीड आली त्यांची चीड खोटी नव्हती. नेहरूंचा चाबूक नेमका कुणावर उगारलेला आहे, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो विचारायला अकरावीच्या वर्गाइतकी चांगली जागा कोणती? संविधान सभेला इतका वेळ का लागला असावा, हे पुस्तकानं चित्राजवळ विचारलंच होतं. त्याचं उत्तर खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात देऊन ठेवलंय. सभेला २ वर्षं, ११ महिने आणि १७ दिवस झाले, असा हिशोब ते मांडतात. अमेरिकेचं काम चार महिन्यांत आणि दक्षिण आफ्रिकेचं वर्षभरात आटोपलं, हेही लपवत नाहीत. पण कॅनडाला २ वर्षं ५ महिने लागले, ऑस्ट्रेलियाला तर ९ वर्षं. शिवाय अमेरिकेच्या घटनेत कलमं ७, आपल्या घटनेत ३९५, आणि सभेपुढे २,४७३ दुरुस्त्या हाताळाव्या लागल्या, असं ते सुनावतात. चित्र आणि भाषण शेजारी ठेवून एक तास घेतला, तर सोळा वर्षांच्या मुलीला टीका म्हणजे काय ते कळतं, टीकेला आकड्यांनी कसं झोडपायचं ते कळतं, आणि १९४९ मध्ये खपलेलं चित्र २०१२ मध्ये का खपत नाही हेही तिला विचारता येतं. चित्राबरोबर हा तासही गेला.

‘मुलं कोवळी असतात.’ असतात की. दुसरीच्या वर्गात आरक्षणावर चर्चा घ्या, असं कुणीच म्हणत नाही. पण फॉरवर्ड दहावीलाही दुसरीच्याच मापानं मोजतो, तिथं गडबड आहे.

पहिलीपासून हिंदीचा वाद आठवा. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघाला, १७ जूनला सुधारित निघाला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले आणि नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. शाळा तेव्हा नुकत्या सुरू झाल्या होत्या. टीव्हीवर तोच विषय, रिक्षात तोच, जेवताना तोच. ज्यांच्या दप्तरात ते पुस्तक जाणार होतं त्यांच्याच शाळेत मात्र बोलायचं नाही! आठवीच्या वर्गात हा तास सहज घेता येतो. दोन्ही शासन निर्णयांतला फरक फळ्यावर लिहायचा (पहिल्यात सक्ती, दुसऱ्यात ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी, आणि तिच्याऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस विद्यार्थी), गट पाडायचे, आणि ज्याचा विरोध आहे त्यालाच समर्थनाची बाजू मांडायला लावायची. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवावं आणि मोकळेपणानं मत मांडायला मदत करावी, असं लिहिलेलं आहे. म्हणजे अशी चर्चा घेणारे शिक्षक आगाऊपणा करत नाहीत, कायद्यानं सांगितलेलं काम करतात.

‘सरकारी पगार घेता ना, मग मतं घरी ठेवा.’ याच शिक्षकाला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून दारोदार पाठवून मतदारयादी तपासून घेतली जाते, मतदान केंद्रावर बसवलं जातं. अख्खी निवडणूक त्याच्या भरवशावर होते, फक्त नागरिकशास्त्राच्या तासाला त्याचा भरवसा वाटत नाही. आणि मतं वर्गाबाहेर ठेवली की सगळे खूश होतात, असंही नाही. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार ते बाहेर करत होते, फळ्यावर नव्हे. तरी १९२५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

‘चर्चेच्या नावाखाली शिक्षक आपलं मत लादतात.’ फॉरवर्डमधला हा एकमेव मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. लादणारे शिक्षक असतात, सगळ्या रंगांचे असतात. तीस-चाळीस मुलांपुढे उभ्या असलेल्या, गुण देण्याचा अधिकार असलेल्या माणसाचं मत हे चहाच्या टपरीवरच्या मतासारखं नसतं. म्हणून विषय कोणता यापेक्षा तो कसा घेतला, यावर बोलायला हवं.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, हे आजच्या पालकांपैकी कित्येकांना आठवत असेल. त्यावर तास घ्यायचा झाला तर एक पद्धत अशी: “तुमच्यापैकी कोणकोण अंधश्रद्धाळू आहे?” इथं शिक्षकानं भांडण लावलं, विज्ञान शिकवलं नाही. दुसरी पद्धत अशी: काठोकाठ भरलेला दुधाचा चमचा, मूर्तीऐवजी टेबलावरचा पेपरवेट. चमचा त्याला टेकवून किंचित कलता करायचा. दूध ओढलं जातं, चमचा रिकामा होत जातो. मग दुधात निळ्या शाईचे दोन थेंब टाकून पुन्हा. आता पेपरवेटवरून खाली उतरणारा पातळ निळा ओघळ शेवटच्या बाकावरूनही दिसतो. पृष्ठताण शिकवून झाला. त्या वेळी सरकारी शास्त्रज्ञांनीही दुधात रंग घालूनच हे दाखवलं होतं. इथं विचारायचा प्रश्न एकच, ‘दूध गेलं कुठं?’ देव आहे की नाही, हे कुणी कुणाला विचारलंच नाही. संध्याकाळी आरतीला जाणारी मुलगी आरतीला जाईलच. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या कलम ५१-क मधलं मूलभूत कर्तव्य आहे. ते बजावायला कुणाची श्रद्धा चव्हाट्यावर आणावी लागत नाही.

‘प्रगत देशांत असलं चालत नाही.’ हे सरळ चूक आहे. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यात एका पक्षाचा प्रचार करायला बंदी आहे, पण राजकीय विषय वर्गात आला तर विरोधी बाजूही संतुलितपणे मांडली जावी, असंही त्यात लिहिलंय. विषय येणार, हे कायद्यानं धरूनच चाललंय. जर्मनीत १९७६ मध्ये बॉइटेल्सबाख या गावी ठरलेली तत्त्वं आजही पाळली जातात: विद्यार्थ्यावर मत लादू नये, जे समाजात वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडावं, आणि विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखून विचार करता यावा. नाझी काळात शाळांचं काय केलं गेलं, ते पाहिलेल्या देशानं वर्ग गप्प बसवायचा नाही, असं ठरवलं.

उरलं ‘मुलं आमची आहेत.’ आहेतच, पण पालक एकाच मताचे कुठे असतात? १९८५ मध्ये केरळातल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढलं गेलं. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. शाळेतल्या बहुसंख्य पालकांना विचारलं असतं तर निकाल काय लागला असता, सांगायला नको.

पालकांना हक्क नाही असं मात्र नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कार्यवृत्तावर सही करण्यापलीकडे या समितीला कामच दिलं जात नाही, ही वेगळी रड. क्लिप व्हायरल करण्याआधी तिथं जाऊन विचारता येतं: तासाला कोणता मजकूर वापरला? दुसरी बाजू कुणी मांडली? ज्या मुलाचं मत सरांच्या उलट होतं, त्याचे अंतर्गत मूल्यमापनातले गुण कापले का? याची उत्तरं गोलमाल आली, तर तक्रार जरूर करा, आणि ती लेखी करा.