जुना सिनेमा 'चेक' कसा करावा

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, जुना सिनेमा बघायचा नसतो, चेक करायचा असतो. बघतात ते आपले आईवडील, दुपारी, जाहिरातींसकट, आणि वर रडतात पण. तुम्ही हप्त्यावर ६५ इंची टीव्ही घेतलाय तो काय रडायला?

तर ब्लूरे डिस्क घातली की आधी टीव्ही व्हिविड मोडवर टाका, शोरूममध्ये पोपट हिरवागार दिसत होता ना, तोच मोड. सिनेमा कृष्णधवल असला तरी बिनधास्त टाका, पांढरं जरा निळसर होईल, त्याला 'पंच' म्हणायचं. मग मोशन स्मूदिंग चालू. सेकंदाला २४ फ्रेम ही त्या लोकांची गरिबी हो, तुमचा टीव्ही मधल्या फ्रेमा स्वतः बनवून घालतो आणि १९५५ सालचा सिनेमा काल संध्याकाळी शूट केलेली मालिका वाटायला लागतो.

आता ग्रेन. पडद्यावर बारीक दाणे हलताना दिसले की लगेच ऑनलाइन रिव्ह्यूत लिहायचं, 'प्रिंट खराब, नॉइज फार.' फिल्मवरचं चित्र मुळात त्या दाण्यांचंच बनलेलं असतं, ते पुसले तर त्यांच्याबरोबर कातडीचा पोत, साडीचं सूत, पापणीचे केससुद्धा जातात, असं सांगायला कोणी आला तर त्याला 'ओके काका' म्हणून सोडून द्या. डिस्क काढणाऱ्या कंपन्या ऐकतात तुमचं, खरंच ऐकतात. आधी दाणे पुसतात, मग चेहरे मऊ पडले म्हणून कडा शार्प करतात, शेवटी नायिका मेणाची होते आणि तिच्याभोवती देवाच्या फोटोत असतं तसं वलय येतं. त्याला पाच स्टार.

'पथेर पांचाली' हाती लागली तर मात्र जास्तच कडक राहा. १९९३ साली लंडनच्या एका लॅबला आग लागली, त्यात सत्यजित राय यांच्या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या, पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमधल्या लोकांनी त्या ठिसूळ झालेल्या पट्ट्या परत ओलावा देऊन, हाताने सांधून, या सिनेमाचा साधारण ४० टक्के भाग मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केला आणि उरलेला दुसऱ्या कॉप्यांवरून घेतला. हे सगळं वाचायला मिळतं, म्हणून वाचायचं नाही. एखादी सॉफ्ट फ्रेम पॉज करा, मोबाईलवर फोटो काढा (तिरका, ट्यूबलाइट दिसेल असा) आणि लिहा, 'फोरके म्हणे! माझ्या भाच्याच्या बारशाचा व्हिडिओ यापेक्षा क्लिअर आहे.' कोणी आगीचा विषय काढलाच तर म्हणायचं, मग एआय कशाला आहे?

काळे पट्टे अजिबात सहन करायचे नाहीत, पैसे पूर्ण स्क्रीनचे दिलेत. जुन्या सिनेमाची चौकट जवळपास चौकोनी, त्यामुळे पट्टे डाव्या-उजव्या बाजूला येतात, झूम करा. डोकी कापली जातील, जाऊ द्या. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा ते तुमच्या टीव्हीच्या वरच्या कडेतून आधीच पोचलेले असतात, तेवढाच वेळ वाचला. 'शोले' ७० एमएमवाला, तिथे पट्टे वर-खाली, तिथेही झूमच. जय-वीरूपैकी एकजण फ्रेमबाहेर जाईल, पण तसाही त्यातला एक जातोच.

आवाजाचं तर विचारूच नका. मोनो ट्रॅक (सगळा आवाज एकाच चॅनेलमधून) दिसला की स्टार कापा, सरळ. शांतारामबापूंनी 'कुंकू'मध्ये (१९३७) मुद्दाम पार्श्वसंगीत टाळलं आणि प्रसंगातलेच आवाज वापरले, तिथे लिहायचं, 'मागचे स्पीकर झोपलेत, सबवूफरला काही कामच नाही.' उलट हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'च्या १९९६ च्या रिस्टोरेशनमध्ये, म्हणजे जुन्या प्रिंटच्या डागडुजीत, पावलांचे, गोळीचे आवाज नव्याने घातले होते, जुने जाणते लोक लय बोंबलले, तुम्ही टाळ्या वाजवा. गोळी खिडकीच्या काचा हलवत नसेल तर माणूस मेला हे कळणार कसं? आणि शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या तर त्यांनाही सोफ्याच्या बरोब्बर मधे बसवा, बाकी कुठेही बसून मत देता येत नाही.

शेवटी मार्क. पिक्चरला वेगळे, साऊंडला वेगळे, पॅकिंगला वेगळे, स्लिपकव्हरचा (डबीवरच्या पुठ्ठ्याच्या खोळीचा) कोपरा दुमडलेला आला तर सरळ अर्धा स्टार गेला, इथे दयामाया नाही. 'सिनेमा कसा आहे' असा रकाना असेल तर 'कल्ट' लिहा, सगळ्यांना चालतं. आणि एखाद्याने खोदून विचारलंच की अहो 'पथेर पांचाली'तल्या त्या दुर्गाचं पुढे काय होतं, तर गडबडायचं नाही, सांगायचं, मी फक्त पावसाचा सीन लावला होता, शॅडो डिटेल, म्हणजे अंधारातलं बारीकसारीक, बरा आहे.