क्षमा करायची म्हणजे नेमकं किती सोडायचं?

"जाऊ दे, काही झालं नाही" हे वाक्य आपल्या ख्रिस्ती घरांत क्षमा म्हणून खपतं. माझं स्पष्ट मत आहे की ही क्षमा नव्हे. काहीच झालं नसेल तर क्षमा कशाची करताय?

प्रभूच्या प्रार्थनेतला शब्द बघा. मत्तय ६:१२ मध्ये "ऋणे" आहेत, लूक ११:४ मध्ये त्याच जागी "पापे". यात विसंगती नाही. येशू बोलत असे त्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द होता, "होबा". आणि कर्ज सोडायचं तर आधी आकडा माहीत असावा लागतो. किती येणं आहे हे न बघता वही फाडली, तर मन पुढे वर्षभर तीच पानं जुळवत बसतं.

म्हणूनच मत्तय १८ मधल्या निर्दय चाकराच्या दाखल्यात येशू आकडे देतो. पहिल्या चाकराचं कर्ज दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). हिशेब होतो ६ कोटी दिवसांच्या मजुरीचा. वर्षाचे ३०० दिवस राबलं तरी फेडायला दोन लाख वर्षं! इतिहासकार जोसेफस सांगतो की तेव्हाचा शासक हेरोद अंतिपास याला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून मिळून वर्षाला २०० तालांत मिळत. म्हणजे दोन प्रांतांचा पन्नास वर्षांचा महसूल एका चाकराच्या डोक्यावर. तो म्हणतो, "मला वागवून घ्या, सगळं फेडीन." ते अशक्य आहे हे धन्याला कळत नाही थोडंच? तरी तो सोडतो.

बाहेर पडल्यावर याला भेटतो शंभर दिनारांचा देणेकरी. हेही लक्षात घ्या की शंभर दिनार क्षुल्लक नव्हेत. चार महिन्यांची मजुरी आहे ती. तुमचं दुखणं किरकोळ आहे असं येशू कुठेही म्हणत नाही. त्याच्या हिशेबात ते खरं आहे, पूर्ण चार महिन्यांचं आहे. फक्त आपल्याला जे सुटलं त्याच्या ते सहा लाखांवा भाग आहे. दुसरा देणेकरी जवळजवळ त्याच शब्दांत विनवणी करतो आणि पहिल्याचा हात मात्र त्याच्या गळ्यावर असतो.

रोजच्या जगण्यात हे कसं करायचं, त्याची पद्धत याच अध्यायात आहे, १५ ते १७ वचनांत. आधी एकट्याने, दोघांतच बोला. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या. तरीही नाही तर मंडळीला सांगा. आपण नेमकं उलटं करतो. आधी घरभर आणि मंडळीभर होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला शेवटी तिसऱ्याकडून कळतं. मग तो अपराध सोडून बदनामीवरच भांडतो, आणि तेव्हा त्याचंही चूक नसतं.

बोलताना घटना सांगा, स्वभाव नको. "तू नेहमी मला कमी लेखतोस" म्हटलं की समोरचा "नेहमी" हा शब्द खोडायला बसतो. "रविवारी सगळ्यांसमोर तू माझं बोलणं तोडलंस, मला अपमान वाटला" हे म्हणजे शंभर दिनार, मोजून समोर ठेवलेले. त्यावर उत्तर देता येतं.

अपराध करणाऱ्यासाठी जकातदार जक्कय आहे. "कोणाला वाईट वाटलं असेल तर माफ करा" असं तो म्हणाला नाही. लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला (लूक १९:८). लेवीय ६:५ प्रमाणे, स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा दिला तरी पुरे होतं. "असेल तर" लावलेली माफी कर्जच नाकारते.

आता जे मला सर्वांत जास्त सलतं ते. मार खाणाऱ्या बाईला "सत्तर वेळा सात" क्षमा कर हे येशूचं वचन (मत्तय १८:२२) ऐकवून परत त्याच घरात पाठवलं जातं. हा वचनाचा गैरवापर आहे. त्याच अध्यायात, सहाव्या वचनात, लहानातल्या एकालाही अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याची भाषा आहे. मार्क ११:२५ म्हणतं, प्रार्थनेला उभे राहताच क्षमा करा. हे देवासमोर, एकट्याने करता येतं. लूक १७:३ मात्र पश्चात्तापाची अट घालतं. तिथे नातं जुळायची गोष्ट आहे. दोन्ही एकच समजलं की घोळ होतो. ज्यांनी विकलं त्या भावांचं आपसातलं बोलणं ऐकून योसेफ आडोशाला जाऊन रडला (उत्पत्ती ४२:२४), पण ओळख लगेच दिली नाही. धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून त्यांना पारखलं. ज्या भावाने, यहूदाने, त्याला विकायची कल्पना काढली होती, तोच धाकट्याऐवजी गुलाम व्हायला पुढे आला, तेव्हा योसेफ म्हणाला, "मी योसेफ आहे." विश्वासाला वेळ लागतो, पुरावा लागतो. आणि मारहाण हा गुन्हा आहे. पोलिसांत जाण्याने क्षमा मोडत नाही.

एक प्रश्न राहतो. मनापासून सोडलं, तरी दोन आठवड्यांनी तीच आठवण, तोच राग. याचा अर्थ आधीची क्षमा खोटी होती असा नाही. प्रभूच्या प्रार्थनेत ऋणांची विनंती रोजच्या भाकरीला "आणि" लावून जोडलेली आहे. कालची भाकर आज पुरत नाही. आठवण आली की तोच आकडा पुन्हा देवासमोर ठेवायचा, नाव घेऊन, आणि पुन्हा खोडायचा. "सात वेळा क्षमा करू का?" असं पेत्राने विचारलं होतं, येशूने सांगितलं सत्तर वेळा सात. त्यातल्या कित्येक वेळा बहुधा एकाच गोष्टीसाठी लागतात.