भाच्याला इकडे धाडायचं का?

आपल्याकडे एखाद्या महाराजांवरून वाद पेटला की दोन बाजू लगेच ठरतात. एक म्हणते, बाबा भोंदू आहे, आत टाका. दुसरी म्हणते, आमच्या श्रद्धेला हात लावाल तर याद राखा. टीव्हीवर हेच, पारावर हेच, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच. बाबा खरा की खोटा यावर घसा बसेपर्यंत बोललं जातं. त्याच बाबांना सोडून गुपचूप घरी आलेला मुलगा मात्र माजघरात भिंतीला टेकून बसलेला असतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

आमच्या घरात सध्या असा एक मुलगा आहे. माझा भाचा. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. कॉलेजात असताना तो एका पंथात गेला, पुढे त्यांच्याच आश्रमात राहायला लागला आणि यंदा उन्हाळ्यात एक पिशवी घेऊन परत आला. दादा म्हणतो, "त्याला तुझ्याकडे मेलबर्नला ने. शिकायला म्हणून येऊ दे. लांब गेला की विसरेल." मी स्वतः जळगावला शिकताना अशाच एका मंडळात ओढली गेले, उमेदीची वर्षं तिथं घातली आणि बाहेर पडल्यावर ऑस्ट्रेलियात आले. त्यामुळे दादाला वाटतं, औषध परदेशातच आहे. मी फोनवर लगेच हो म्हटलं नाही, ते त्याला लागलं. का म्हटलं नाही ते सांगते.

आमच्या मंडळात लिंबू-टाचण्या नव्हत्या, अंगात येणं नव्हतं, अंगारे-धुपारे नव्हते. होती ती हजेरी. पहाटेच्या नामाला हजेरी, गुरुवारच्या सेवेला हजेरी, आणि चुकलीस तर का चुकलीस याचा खुलासा सगळ्यांदेखत. पगार किती, तो कुठे जातो, माहेरी किती दिवस राहायचं, लग्न कुणाशी, हे सगळं वर विचारून ठरायचं. आधी कांदा-लसूण बंद झाला. मग बाहेरचं अन्न. मग ज्या घरात कांदा-लसूण शिजतो त्या घरचं पाणीसुद्धा. ते घर म्हणजे माझ्या आईचं घर होतं. आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीलाही जायचं नाही, ती खालच्या पायरीची उपासना, असं सांगितलं गेलं. एकेक अट इतकी लहान होती की तिच्यावरून भांडावं असं कधी वाटलंच नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरात विधिमंडळानं तो मंजूर केला. त्या कायद्याची किंमत एका माणसानं जिवानं मोजली, हे मी विसरत नाही. पण तो नरबळी, अघोरी उपचार, चमत्काराच्या नावानं लुबाडणूक अशा नेमून दिलेल्या कृत्यांना लागू होतो. हजेरीच्या वहीला तो लागू होत नाही. त्यामुळे भाच्याच्या बाबतीत भोंदू-भोंदू म्हणून ओरडणाऱ्या आमच्या चुलतभावाच्या हाती काही लागणार नाही, आणि 'बघा, काही गुन्हा नाही' म्हणणाऱ्यांना मात्र जोर चढेल.

इथं ऑस्ट्रेलियात वाद थोड्या वेगळ्या अंगानं चालतो. मेलबर्नजवळ 'द फॅमिली' नावाचा एक पंथ होता. ॲन हॅमिल्टन-बर्न ही बाई स्वतःला येशूचा अवतार म्हणवायची. एल्डन तलावाकाठच्या घरात तिनं मुलं लपवून वाढवली होती, सगळी भावंडं दिसावीत म्हणून त्यांचे केस पिवळे रंगवलेले. १९८७ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी धाड घालून ती मुलं सोडवली. ती जखम या शहराच्या आठवणीत अजून आहे. २०२५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळ समितीनं अशा पंथांच्या भरतीच्या पद्धती आणि त्यांचे परिणाम यांची चौकशी सुरू केली, तेव्हा माझ्या कामावरच्या बायका जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोलत होत्या. तुमचा देव कोणता याच्याशी समितीला कर्तव्य नाही. माणसाला कसं वागवलं, बाहेर पडताना काय भीती घातली, हे ती विचारते. फ्रान्सनं २००१ मध्येच पंथांच्या अशा दडपणाविरुद्ध कायदा केला आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक केला. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये जोडीदाराला सतत धाकात ठेवणं हा जुलै २०२४ पासून गुन्हा आहे, पण तेच एखाद्या पंथानं केलं तर तो कायदा हात टेकतो. म्हणजे इथंही सगळं सुटलेलं नाही. तरी प्रश्न बरोबर जागी विचारला जातोय, आणि आपल्याकडे तो तसा विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट इथं मिळाली ती म्हणजे उपचार. फॅमिली डॉक्टरनं चिठ्ठी दिली की मेडिकेअर या इथल्या सरकारी आरोग्यविम्यातून वर्षाला मानसोपचाराच्या १० बैठकांना सवलत मिळते. माझ्या समुपदेशक बाईंनी महाराज खरे की खोटे हे एकदाही विचारलं नाही. झोप लागते का, असं विचारलं. दिवसभरात कुठला निर्णय तुझा तू घेतेस, असं विचारलं. मी दुकानात तेलाच्या बाटल्यांसमोर उभी राहायची आणि कुठली घ्यावी हे न कळून रिकाम्या हातानं परत यायची. हा वेडेपणा नव्हे, हे मला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत, दीर्घकाळच्या दडपणानं आणि मन वळवण्यानं माणसाची स्वतःची ओळखच डळमळते अशी नोंद आहे, आणि तिच्या उदाहरणांत पंथांचा उल्लेख आहे. हे वाचलं त्या दिवशी मला रडू आलं. आपल्याला झालंय त्याची कुठंतरी नोंद आहे, एवढ्यानंही धीर येतो.

भीती मात्र अंगात राहते. मेलबर्नच्या पहिल्या हिवाळ्यात मी कळण्याची भाकरी केली आणि सोबत लसणाची चटणी कुटायला घेतली. पाकळ्या सोलल्या, खलबत्त्यात टाकल्या, मीठ-तिखट घातलं आणि हात थांबला. डोक्याला पक्कं कळत होतं की लसणानं काही होत नाही. तळहातांना मात्र घाम फुटला होता. चटणी केली, खाल्लीही. मग रात्रभर जागी राहिले, कारण नियम मोडला की त्याचं फळ घरच्यांना भोगावं लागतं, असं आम्हाला शिकवलेलं. पहाटे आईला फोन केला. ती अंगणात सडा टाकत होती, ठणठणीत.

मग मी भाच्याला इकडे का बोलवत नाही?

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. परक्या शहरात नुकताच आलेला, कुणाला न ओळखणारा, संध्याकाळी खोलीवर एकटाच भात खाणारा विद्यार्थी कुठल्याही पंथाच्या हाती सगळ्यात सहज लागतो. विद्यापीठाच्या आवारात 'जेवायला ये ना, आपली माणसं असतात' म्हणत हसतमुख मुलं येतात, आणि एकट्या पोराला ते नाकारणं फार जड जातं. शिवाय आपल्याकडचे बहुतेक मोठे पंथ इथं आधीच येऊन बसले आहेत. कुणाच्या गॅरेजमध्ये रविवारचा सत्संग, कुणाच्या हॉलमध्ये पारायण. एका दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या मंडळातल्या आरतीची चाल अचानक कानावर पडली आणि मी ताट हातात घेऊन नुसती उभी राहिले. बाजूची बाई काय बोलतेय ते ऐकू येत नव्हतं. अंतरानं माणूस सुटतो हे दादाचं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. मला इथं अनोळखी असण्याचा फायदा झाला, हेही खरं. कुणी टोमणा मारला नाही. पण कुणी भाकरीही वाढली नाही.

दुसरं कारण देवाचं. समुपदेशक बाई चांगल्या होत्या, पण कुलदैवत म्हणजे काय, गुरूला पाठ दाखवण्याचं पाप म्हणजे काय, हे मला त्यांना मुळापासून सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता तास संपायचा. भीती कशी उतरवायची ते त्यांनी शिकवलं. रिकाम्या झालेल्या देव्हाऱ्याचं काय करायचं, ते त्यांच्या हातात नव्हतं. ते मला गावी गेल्यावर मिळालं. मोठीमायच्या दारात उभी राहिले तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "बठ वं, पहिले भाकर खाई ले." कुठं होतीस, का गेलीस, किती पैसे घातलेस, काही नाही.

त्याच मुक्कामात मी तापीकाठच्या मेहूणला गेले. मुक्ताबाई १२९७ मध्ये तिथंच अंतर्धान पावली असं परंपरा सांगते. या चौघा भावंडांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं होतं, आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून जीव दिला तरी त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्यातल्या धाकटीकडे आपला सगळा खान्देश आज लेक म्हणून पाहतो, दरवर्षी तिची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते. मी देवळात बसले होते. कुणी नाव विचारलं नाही. कुणी वही पुढे केली नाही. उठावंसं वाटलं तेव्हा उठले. उठायला परवानगी लागत नाही असा देव मला कित्येक वर्षांनी भेटला होता.

भाच्याला असंच वाटेल असं माझं म्हणणं नाही. तो कदाचित देवाचं नावच काढणार नाही, आणि तेही ठीक. चुलतभाऊ त्याला रोज सांगतोय, "आता देव-बिव सगळं सोड." गावातले भजनीबुवा सांगतात, "तो मार्ग चुकीचा होता, आमच्याकडे ये." ज्या मुलानं इतकी वर्षं दुसऱ्याच्या हुकमानं नाम घेतलं, त्याला दुसऱ्याच्या हुकमानं नाम सोडायला लावणं मला तितकंच जुलमाचं वाटतं. त्याला काही काळ काहीच न मानण्याची मोकळीक द्या.

खान्देशात ही मोकळीक मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. "मग गेलाच कशाला होता?" "आता पोरगी कोण देणार?" असले प्रश्न आमच्या ओसरीवर रोज येऊन बसतात. पंथातले नातेवाईक 'गुरुद्रोह' म्हणतात, लग्नाची पत्रिका देत नाहीत, सावडायला बोलवत नाहीत. याला सामाजिक बहिष्कार म्हणतात आणि तो गुन्हा आहे. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात रद्द ठरवला. मग महाराष्ट्रानं २०१६ मध्ये नवा कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. जातीबरोबर धर्म-पंथही त्याच्या व्याख्येत येतो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतीच्या संदर्भात हा कायदा लोकांना माहीत आहे. पंथ सोडणाऱ्यालाही तो आधार देऊ शकतो, हे कुणी सांगत नाही. बाबांवर चर्चासत्रं घेणाऱ्या संघटनांनी हे काम हाती घ्यावं. एखाद्या महाराजांचं पितळ उघडं पडलं की टाळ्या मिळतात, पण त्यांच्याकडून परत आलेल्या माणसाला वर्षभर धरून ठेवायला कुणी नसतं.

आणि तरीही मी त्याला तिथंच ठेवा म्हणते, कारण वहिनीनं फोनवर एक गोष्ट सांगितली. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू घरातल्या माणसांच्या नावानं मोजून घेतात. हा मुलगा आश्रमात होता, घरचं अन्न त्याला निषिद्ध होतं, फोन उचलत नव्हता, त्या सगळ्या वर्षांत मोठीमायनं त्याच्या नावाची मूठ एकदाही चुकवली नाही. असं घर असलेल्या पोराला मी इथल्या भाड्याच्या खोलीत कशी आणू?

दादा, घरात एवढं पाळा. पैशांचा हिशेब त्याला वर्षभर विचारू नका. रात्री झोप नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. गोळ्या लागल्या तर लाजू नका, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. गुरुबंधूंचे फोन त्यानं घ्यायचे की नाही ते त्याला ठरवू द्या, तुम्ही मोबाइल हिसकावू नका, कारण तिकडेही तो असाच काढून घेतला होता. कापूस वेचायला त्याला ने, पण कामाला जुंपू नकोस. तो पहाटे चारला उठून बसेल, तेव्हा त्याला झोप म्हणू नका. चहा टाका.

राहिली त्याची पदवीची मूळ प्रमाणपत्रं. ती अजून आश्रमाच्या कपाटात आहेत. ती मागायला भाच्याला पुन्हा त्या दारात नेऊ नका, आणि तूही एकटा जाऊ नकोस. आधी लेखी पत्र पाठवा, त्याची पोच ठेवा. नाहीच दिली तर पोलिसांत तक्रार नोंदवून जळगावच्या विद्यापीठातून दुय्यम प्रत काढता येते. तो अर्ज मात्र त्याच्या हातानं भरू दे. चुकला तर दुसरा कागद आणा.