कॅव्हर्न क्लबचे तळघर मूळचे नाही

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या मॅथ्यू स्ट्रीटवरील कॅव्हर्न क्लब १९५७ पासून अखंड सुरू असून बीटल्स ज्या मंचावर वाजवत असत तोच मंच आजही तेथे पाहता येतो, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. अ‍ॅलन सिट्नर यांनी १६ जानेवारी १९५७ रोजी एका गोदामाच्या तळघरात हा क्लब उघडला तो जॅझसाठी. बीटल्स तेथे फेब्रुवारी १९६१ पासून वाजवू लागले आणि ३ ऑगस्ट १९६३ हा त्यांचा तेथील शेवटचा कार्यक्रम ठरला. पुढे भुयारी रेल्वेला हवा पुरवणारा उभा बोगदा खणण्यासाठी ही जागा हवी म्हणून १९७३ मध्ये क्लब बंद करण्यात आला, वरचे गोदाम पाडले गेले, तळघर बुजवले गेले, आणि नवलाची गोष्ट अशी की तो बोगदा तेथे कधी झालाच नाही. १९८४ मध्ये उघडलेला क्लब ही मूळ जागेच्या बऱ्याचशा भागावर केलेली पुनर्बांधणी असून कमानी आणि मंच नव्याने उभारलेले आहेत. विटांपैकी काही मात्र खरोखरच जुन्या क्लबच्या आहेत.