‘सकाळचा थोडा खोकला सोडला तर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि झोपच उडाली, म्हणून हे उत्तर लांबणार आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. धूम्रपानाने फुप्फुसांचं आणि बाकी शरीराचं काय होतं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “ताई, अर्धवट ज्ञानावर भीती विकू नका. माझे आजोबा 86 वर्षं जगले, शेवटपर्यंत बिडी ओढत होते. बिडी पानाची असते, सिगारेटसारखी केमिकलची नाही. मी स्वतः 22 वर्षं ओढतोय, सकाळचा थोडा खोकला सोडला तर ठणठणीत आहे. आधी गाड्यांच्या धुरावर लिहा. आणि सोडल्यावर दहा वर्षांत फुप्फुस पूर्ववत होतं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?”

शेवटच्या वाक्यापुरतं तुमचं बरोबर आहे. माझं ते वाक्य चुकलं होतं, आज सकाळी दुरुस्त केलं. सोडल्यावर 10 वर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर येतो. नष्ट झालेले वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, मात्र परत येत नाहीत. चूक दाखवलीत, आभार.

पण “विकू नका”? हा शब्द कशासाठी? या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही. आमच्या घरातून विकली गेली ती बिडी. सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात आई मांडीवर सूप घेऊन बसायची. भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं पत्र्याच्या फरम्यावर ठेवून कापायची. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, तोंड दुमडलं की झाली बिडी. अशा दिवसाला हजार. शाळेतून आले की पंचवीस-पंचवीसच्या जुड्या मी बांधायचे. कारखान्यात वाकड्या बिड्या बाजूला काढून त्यांचे पैसे कापायचे, म्हणून आई त्या आधीच निवडून ठेवायची. त्या अण्णा ओढायचे. माझ्या वडिलांच्या बिड्या माझ्या आईने वळल्या आणि मी बांधल्या आहेत. तेव्हा ‘अर्धवट ज्ञान’ म्हणण्याआधी ते आलं कुठून, एवढं तरी विचारायचं होतंत. स्पष्ट बोलायला माझी ना नाही. अपमान करायला आहे.

आता तुमचं ते वाक्य: “सकाळचा थोडा खोकला सोडला तर.” अण्णाही हेच म्हणायचे, अगदी याच शब्दांत. पहाटे पाचला मोरीपाशी उकिडवे बसून दहा-पंधरा मिनिटं खोकायचे. आम्ही भावंडं त्या आवाजाने उठायचो, घरात गजराचं घड्याळ लागलंच नाही. आई म्हणायची, छाती मोकळी होतेय.

मोकळी होत नव्हती. श्वासनळीला आतून अगदी बारीक लव असते. ती सतत हलत राहून धूळ आणि कफ वर ढकलते. धुराने ती आधी लुळी पडते, मग झडते, आणि त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या ग्रंथी फुगतात. कफ वाढतो आणि तो वर आणणारं काही उरत नाही, म्हणून माणसाला तो खोकूनच काढावा लागतो. तुम्ही जो खोकला बाजूला ठेवून स्वतःला ठणठणीत म्हणता, तिथूनच तर आजार सुरू होतो, दादा.

पुढचं आमच्या लक्षात आलं ते 2009 च्या दिवाळीत. अण्णांनी बिडी पेटवली आणि सवयीने काडीवर फुंकर मारली. ज्योत नुसती वाकली. पुन्हा फुंकली, पुन्हा वाकली. बोटाला चटका बसायला आला तेव्हा त्यांनी काडी झटकून विझवली आणि माझ्याकडे पाहिलं. छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर यायला हवी, तिच्या निम्मीही येत नव्हती. वायुकोशांच्या भिंती मोडल्या की फुप्फुसाचा लवचिकपणा जातो. हवा आत शिरते, पण बाहेर पडताना बारीक नळ्या मिटतात आणि ती आतच अडकते. अण्णांची छाती पिंपासारखी दिसायची ती त्यामुळे. लोकांना ती तब्येत वाटायची!

एवढं होऊनही बिडी सुटली नाही. सुटली ती पायाच्या अंगठ्यामुळे. रात्री पाय ठणकायचा, खाटेवरून खाली लोंबता सोडला की बरं वाटायचं. अंगठा आधी निळा पडला, मग काळा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि वाहिन्यांचं अस्तर खराब होऊन त्या आतून बुजत जातात. हृदयाच्या, मेंदूच्या, पायाच्या, सगळ्याच. अंगठा कापावा लागला. धूर छातीत जातो आणि तिथेच राहतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो पाय पाहायला हवा होता. अण्णांनी 58 व्या वर्षी बिडी सोडली. त्यानंतर नऊ वर्षं जगले, त्यातली शेवटची दोन ऑक्सिजनच्या मशीनची नळी पोहोचेल तेवढ्या जागेत. संडासपर्यंत ती पोहोचत नव्हती. यातलं काय मी वाढवून सांगितलं, ते सांगा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. आजोबांचं म्हणाल, तर रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी 1951 पासून ब्रिटनमधल्या 34 हजारांवर पुरुष डॉक्टरांची पाहणी सुरू केली, ती 50 वर्षं चालली. ओढत राहणारे सरासरी 10 वर्षं आधी गेले. सरासरी म्हटली की त्यात 86 वर्षांचे आजोबा येतात, तसे पंचेचाळिशीत गेलेलेही येतात, ज्यांना नातवंडांनी कधी पाहिलंच नाही. बिडीचं पान हवा आत येऊ देत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. तिच्यातून निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून कमी मिळत नाही. आणि गाड्यांच्या धुरावर लिहीन की, पण तो वाईट म्हणून बिडीचा चांगला होत नाही. एकाच छातीत दोन्ही जातात.

तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल असं धरून चालते. त्याच पाहणीत चाळिशीला सोडणाऱ्यांना गेलेल्या 10 वर्षांपैकी 9 परत मिळाली होती. उद्या एक करा. काडी पेटवा, तोंडापासून सहा इंचांवर धरा, ओठांचा चंबू न करता तोंड उघडं ठेवून फुंका. विझली तरी फुंकायची तपासणी करून घ्याच, कारण 22 वर्षं आणि रोजचा खोकला एवढं पुरे आहे. नाही विझली तर त्याच आठवड्यात जा. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. तपासणीत काय निघालं ते तिच्याखालीच लिहा, मी वाट पाहते. फक्त तो ‘विकणं’ हा शब्द माझ्या दारात पुन्हा नको.