दुकानात उजवा वाटलेला ॲम्प्लिफायर घरी सारखाच का वाटला: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा सविस्तर अभिप्राय मी दोनदा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: आमच्या श्रवणकक्षात आपला जुना इंटिग्रेटेड (नियंत्रणे आणि शक्ती एकाच पेटीत असलेला) ॲम्प्लिफायर आणि आम्ही दाखवलेला नवा, असे दोन्ही एकाच स्पीकरवर ऐकले तेव्हा नवा फारच उजवा वाटला, घरी नेल्यावर मात्र रात्रीच्या शांत ऐकण्यात दोघांत काहीच फरक उरला नाही. शिवाय नव्याच्या पेटीतून गुणगुण येते. खरेदीपूर्वी घरी ऐकून पाहण्यासाठी यंत्र मागितले तेव्हा पूर्ण रक्कम भरल्याशिवाय ते मिळणार नाही, असे आमच्या सहकाऱ्याने सांगितले आणि तक्रार केल्यावर ‘दोनशे तास चालू द्या, मग खुलेल’ अशी बोळवण केली. यातले बहुतेक खरे आहे. आपण जाहीर लिहिले आहे, तेव्हा उत्तरही जाहीर देतो.

सर्वांत मोठी चूक पहिल्याच दिवशी झाली आणि ती आमची होती. आपल्या जुन्या ॲम्प्लिफायरच्याच मॉडेलचा एक नग योगायोगाने दुरुस्तीनंतर आमच्याकडे ठेवलेला होता. तो आणि नवा, दोन्ही मी त्याच स्पीकरला आळीपाळीने जोडले, त्या दिवशीप्रमाणे दोघांचेही व्हॉल्यूमचे नॉब घड्याळातल्या दहाच्या जागी ठेवले, 1 किलोहर्ट्झचा सलग स्वर लावला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला. जुन्यावर 2.24 व्होल्ट आले, नव्यावर 2.83. हा फरक सुमारे 2 डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने जवळजवळ 60 टक्के जास्त. गंमत अशी की इतका फरक कानाला ‘आवाज मोठा झाला’ असा सहसा जाणवत नाही. तो गायक जवळ आल्यासारखा, खर्ज भरल्यासारखा जाणवतो. आवाजाची पातळी वाढली की कानाला खालचे स्वर तुलनेने अधिक ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवले होते. नॉब कुठे आहे यावरून काहीच ठरत नाही, कारण प्रत्येक ॲम्प्लिफायरची प्रवर्धनाची मात्रा (आलेला संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) वेगळी असते, नॉबची चढणही वेगळी असते, आणि सीडी प्लेयरसारखा सुमारे 2 व्होल्ट देणारा स्रोत जोडला की काही यंत्रे नॉब निम्म्यावर येण्यापूर्वीच पूर्ण ताकदीला पोहोचतात. थोडक्यात, त्या दिवशी आपण दोन ॲम्प्लिफायरांची तुलना केलीच नाही. दोन वेगळ्या पातळ्यांची केली. आमच्या सहकाऱ्याने हेतुपुरस्सर तसे केले असे मला वाटत नाही, पण तुलना मांडण्याची जबाबदारी आमची होती.

मग मी दोन्हींची पातळी 0.1 डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे एका टक्क्याच्या आत जुळवली आणि कोणते यंत्र चालू आहे हे मला न सांगता दुसऱ्याला बदलायला लावले. तंबोरा आणि एकच कंठ असलेले ध्वनिमुद्रण मध्यम आवाजात वीस वेळा ऐकले. जवारीची झिळमिळ, श्वास, ओळीच्या शेवटी विरत जाणारी आस, सगळे कान लावून ऐकूनही मला यंत्र खात्रीने ओळखता आले नाही. मोठ्या वाद्यवृंदाचे जोरकस भाग बऱ्याच मोठ्या आवाजात लावले तेव्हा मात्र जुना आवळल्यासारखा कर्कश होऊ लागला आणि नवा निवांत राहिला. विक्रेत्याने हे लिहिणे विचित्र वाटेल, परंतु जे ऐकू आले ते असे आहे.

आता आपल्या घराचा हिशेब. आपल्या स्पीकरची संवेदनशीलता (1 वॅट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज) 87 डेसिबल आहे, आसन तीन मीटरवर आहे आणि रात्री आपण बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडे वर ऐकता, असे आपणच लिहिले आहे. दोन स्पीकर आणि सामान्य खोली धरली तर प्रत्येकी 1 वॅटला आसनापाशी साधारण 84 डेसिबल मिळतात. सरासरी 75 डेसिबल ऐकायला त्याच्या आठव्या हिश्शाएवढी शक्ती पुरते, आणि संगीतातले शिखरक्षण सरासरीच्या 20 डेसिबल वर गेले तरी मागणी 12-13 वॅटच्या आसपास राहते. आपला जुना ॲम्प्लिफायर 50 वॅटचा आहे. तेव्हा घरी फरक जाणवला नाही हा आपल्या कानांचा दोष नाही आणि नव्या यंत्राचाही नाही. हा हिशेब विक्रीपूर्वी आम्ही मांडायला हवा होता.

एका मुद्द्यावर मात्र मी असहमत आहे. ‘सगळे ॲम्प्लिफायर सारखेच, वरचा पैसा फक्त पेटीचा’ हे आपले वाक्य आपल्या घरापुरते खरे असेल, सरसकट खरे नाही. काही स्पीकरचा अवरोध (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) खालच्या स्वरांत 3 ओहमपर्यंत घसरतो. तिथे जड ट्रान्सफॉर्मर आणि भरपूर विद्युतप्रवाह देऊ शकणारे यंत्रच लागते. 8 ओहमला 100 वॅट देणारा ॲम्प्लिफायर 4 ओहमला जवळजवळ 200 देतो की 130 वरच अडखळतो, हा माहितीपत्रकातला पाहण्याजोगा आकडा आहे. उलट बाजूने, काही व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) ॲम्प्लिफायरांचा स्वतःचा अवरोध 2 ओहमच्या घरात असतो. स्पीकरचा अवरोध 4 ते 20 ओहम असा हेलकावत असेल तर निव्वळ त्या जोडीमुळे वेगवेगळ्या स्वरांच्या पातळीत अडीच डेसिबलहून अधिक चढउतार होतो. तो सहज ऐकू येतो, काहींना आवडतोही.

गुणगुणीबद्दल: ती पेटीतून येते की स्पीकरमधून, हे आधी पाहावे लागेल. यंत्र बंद करून स्पीकरच्या तारा काढा, पुन्हा चालू करा आणि झाकणाजवळ कान न्या. आवाज तसाच असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याची कंपने आहेत. गोल, कड्यासारख्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरना वीजपुरवठ्यातला थोडासा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) अंशही सहन होत नाही आणि तो अंश कमी वेगावर चालवलेल्या हेअर ड्रायरसारख्या उपकरणांतून येऊ शकतो. गुणगुण दिवसाच्या ठरावीक वेळीच वाढत असेल तर माझा संशय त्यावरच आहे. तो अंश अडवणारा डीसी ब्लॉकर बसवून आम्ही ते तपासू. आवाज स्पीकरमधून येत असेल तर प्रत्येक वेळी यंत्र बंद करून एकेक स्रोताची केबल काढा आणि पुन्हा चालू करून ऐका. एखादी केबल काढल्यावर तो थांबला तर तो अर्थिंगच्या वळशाचा (उपकरणांची अर्थिंग केबलमधूनही जोडली जाऊन तयार होणाऱ्या वेढ्याचा) प्रकार आहे. या दोन्हींखेरीज काही आढळले तर तो यंत्राचा दोष मानून आम्ही नग बदलून देऊ.

‘दोनशे तास’ हे उत्तर आमच्याकडून जायला नको होते. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचे तापमान आणि बायस (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहता ठेवलेला प्रवाह) स्थिर व्हायला अर्धा तास, फार तर तासभर लागतो. त्यानंतर आठवडे जाऊन जे ‘खुलते’ ते माझ्या मते बहुतांशी ऐकणाऱ्याच्या सवयीचे असते, आणि तोवर परत करण्याची मुदत मात्र संपून जाते.

घरी चाचणीचा नियम या आठवड्यापासून बदलला आहे. परत मिळणारी अनामत ठेवून यंत्र सात दिवस घरी नेता येईल. आपल्यासाठी हाच नियम मागील तारखेने लागू धरतो: आपण यंत्र परत करू शकता आणि पूर्ण रक्कम मिळेल. त्याआधी आपली तयारी असेल तर मी स्वतः मल्टिमीटर घेऊन येतो, आपल्या खोलीत, आपल्या स्पीकरवर, पातळी जुळवून दोन्ही यंत्रे पुन्हा ऐकू. ध्वनिमुद्रणे आपण निवडा. मी पोहोचण्यापूर्वी तासभर दोन्ही यंत्रे चालू करून ठेवा आणि नव्याच्या झाकणावर काही ठेवले असेल तर तेवढे काढून ठेवा.