रेड डॉट साइटबाबत खुलासा

“१० मीटर एअर रायफलसाठी स्वस्त रेड डॉट साइट घ्या, तिचा लाल ठिपका थेट लक्ष्यावर पडतो आणि ती स्पर्धेतही चालते,” असा संदेश नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. रेड डॉट साइट म्हणजे रायफलीवर बसवायचे नेम धरण्याचे साधन; तिच्यातील एलईडीचा प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन केवळ नेमबाजाच्या डोळ्यात येतो. सुटी साइट हातात धरून अंधाऱ्या खोलीत मी हे पाहिले, भिंतीवर ठिपका उमटत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार या प्रकारात रेड डॉट चालत नाही, नेमबाज पीप साइट (छोट्या छिद्रातून नेम धरण्याची साइट) लावतात. शिवाय ३ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचे माप, एका अंशाचा साठावा भाग) ठिपका १० मीटरवर सुमारे ९ मिलिमीटर भाग झाकतो, तर दहा गुणांचा बिंदू अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. पालकांचे कष्टाचे पैसे वाया जात असल्याने हा संदेश कृपया पुढे पाठवू नये.